हिरवा काहून गेला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बाज कसणं. दोरी ढिली पडली होती, झोपलं की माणूस मधल्या खड्ड्यात गोळा व्हायचा. हे काम एकट्याचं नाही. एकानं लाकडावर पाय रोवून दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं ती बोटानं दाबून धरायची, पहिला पुढचा फेरा घेईस्तोवर सोडायची नाही. मी ओढत होतो, माझी बायको नलू दाबून धरत होती. अंगणात कोवळं ऊन होतं. दोरीवरची नजर न काढता ती म्हणाली, "अवो, तो हिरवा काहून गेला असन?" मी म्हटलं, "कोण हिरवा?" आणि विचारता विचारताच मला कळलं कोण ते. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्याचं नाव निघालं नव्हतं. मी म्हटलं, "दोरी धर नीट." ती म्हणाली, "धरलीच हाय ना." त्याच आठवड्यात ती गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. भांडी घासता घासता भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

तो का गेला, या तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. मला ते तेव्हा येत नव्हतं, आज येतं असंही नाही. पण काय झालं होतं ते आता जगात मला एकट्यालाच माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. माझं लिहिलेलं लेकीनं थोडं सरळ केलं. माणसांच्या बोलण्याला मात्र मी तिला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, "बाबा, लोक हसतीन." मी म्हटलं, "हसू दे. मेलेल्या माणसाईचं बोलणं हाय ते, तुह्या शाळेचं नाई."

मोठं होण्याबद्दल लिहायचं तर लोक शाळा, मास्तर, नदीवरचं पोहणं असलं काहीबाही लिहितात. माझं तसं नाही. लग्न झालं, दुकान टाकलं, मिशीत एक-दोन केस पांढरे दिसायला लागले, तरी मी मोठा झालो नव्हतो. बाप होता तोवर बापानं सांगितलं ते केलं, बाप गेल्यावर बायकोनं सांगितलं ते. वाईट चाललं होतं असं नाही. कोणी सांगणारं असलं की माणूस सुखात राहतो.

मूर्तिजापुरात स्टेशनकडून गावात येताना माझं एसटीडीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे नलूच्या जुन्या पातळाचा पडदा. दुकानात काचेची एक उभी खोली, तिच्यात फोन. बाहेर झेरॉक्सची मशीन, ती गरम झाली की दुकानभर तिचा वास यायचा. पडद्यामागून दुसरे वास यायचे. उन्हाळ्यात नलू टिनावर कुरड्या वाळू घालायची, काडीवर पीठ वळून सरगुंडे करायची, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या टाकून शिजत ठेवायची आणि पडद्यातून डोकं काढून म्हणायची, "गिऱ्हाईक नसन तं जेवून घ्या, नाईतं हे घट्ट होते." शेजारी सलीमभाईचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीतल्या, बोअरच्या मोटारी जळल्या की लोक त्याच्याकडे आणायचे, तो आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून द्यायचा. समोर देविदासकाकांची पिठाची गिरणी. सलीमच्या यंत्राची किर्रकिर्र, गिरणीच्या पट्ट्याची फटफट आणि लांबून शकुंतलेचा, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेचा, भोंगा, एवढ्या आवाजांवर आमचा दिवस चालायचा. ते आवाज आहेत हे आम्हाला ते बंद पडल्यावर समजलं.

शेतीची वाईट वर्षं होती ती. पेपरात काय छापून यायचं ते सगळ्यांना माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. दुकानात पेपर यायचा, नलू तो उघडायच्या आधीच घडी करून कुरड्यांखाली अंथरायची.

लग्नपत्रिका आणि कुंडल्या छापून द्याव्यात म्हणून मी अकोल्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. कुंडल्या कोणी छापून घेतल्या नाहीत. पण ज्यानं तो विकला त्याच्या घरच्या कोणीतरी आत एक खेळ ठेवलेला होता आणि तो नलूला सापडला. ती मोर्शीकडची, दहावी झालेली, मशीनला भीत नव्हती. खेळ असा की सुरुवातीला रिकामी जमीन आणि थोडी माणसं मिळायची. त्यांच्याकडून लाकूड तोडून घ्यायचं, विहीर खोदायची, पेरायचं, घरं बांधायची, कोठार बांधायचं. असं करत करत गाव वसवायचं. त्याच जमिनीवर आणखी तीन राजे असायचे, ते कॉम्प्युटर स्वतःच चालवायचा. लढाई करून त्यांचं गाव घेता यायचं. आम्ही लढाई कधी केली नाही. कशी करायची ते आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही, आणि नलूला करायचीही नव्हती. खेळ संपवून नवा मांडावा हेही तिला पटायचं नाही. "बसलेलं गाव मोडून नवं काहून बसवाचं?" म्हणायची. त्यामुळे फाल्गुनात मांडलेला एकच खेळ वैशाखातही चालू होता. दुपारी बाजार ओस पडला की आम्ही दोघं एका स्टुलावर अर्धं अर्धं बसून आमचं गाव पाहायचो. पोरंबाळं नव्हती तोवर, दुसरं काय पाहणार?

आमचा रंग लाल. बाकीच्या राजांची नावं इंग्रजीत होती, ती आम्हाला धड वाचता येत नव्हती, म्हणून नलूनं आपल्या ओळखीची नावं दिली. पिवळ्याच्या गावात एक मोठी पवनचक्की होती, तो देविदासकाका गिरणीवाले. निळ्याकडे भट्टी आणि घण, तो सलीमभाई. आणि डोंगराच्या कोपऱ्यात हिरवा होता. त्यानं घरं फार बांधली नव्हती. नुसती झाडं लावली होती, ओळीनं. नलू त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे तं आपले आबा झाले. पाहा ना, एकटाच हाय, कोणाशी बोलत नाई, आनं झाडाईतून बाहेर येत नाई." आबा म्हणजे तिचे वडील. मोर्शीपासून आत एका खेड्यात त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. सासूबाई लवकर गेल्या, मुलगा नाही, एवढी एकच लेक.

सलीमला हे समजलं तेव्हा तो चहाचा कप घेऊन आतच आला. "भाभी, दाखवा बरं माह्यं गाव. बायका किती देल्ल्या मले?"

"एकबी नाई दिसत, सलीमभाऊ. खाली भट्टी हाय."

"या अल्ला! घरवालीले सांगू नका, मिठाई वाटन ते."

पिवळा गेला ती दुपार मला चांगली आठवते. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. पिवळ्याचं गाव तेव्हा सगळ्यात मोठं होतं, आमच्याहून मोठं. पिकं पिवळीधमक उभी, माणसं विळे घेऊन शेतात उतरलेली. कोणी त्याच्यावर चालून गेलं नव्हतं. एकदम एक तुतारी वाजली, जिंकल्याची नाही, खाली खाली उतरत जाणारी, आणि त्याच्या वाड्यावर पांढरं निशाण आलं. शेतातली माणसं होती तिथं थांबली. मग ती नव्हतीच. मेली नाहीत, पळाली नाहीत, नुसती नव्हती. घरं तशीच, कोठार भरलेलं, पीक उभं. आणि ती पवनचक्की फिरत राहिली. रिकाम्या गावात ती कितीतरी वेळ फिरताना आम्ही पाहिली. नलूनं तव्यावरून काढावा तसा हात बाजूला घेतला. "अवो, म्या काई नाई दाबलं."

मी अकोल्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "कॉम्प्युटरला वाटलं की आता आपण जिंकत नाही, की तो सोडून देतो."

मी म्हटलं, "पण तो तं जिंकून राहिला होता."

"मग बिघाड असंल," म्हणाला आणि ठेवून दिला.

थोड्या दिवसांनी सकाळी मी दुकान उघडलं तर काहीतरी कमी वाटलं. बराच वेळ काय ते समजेना. समोरच्या पट्ट्याची फटफट नव्हती. देविदासकाका कोणाला न सांगता मुलाकडे निघून गेले होते. कुलूप लावलं होतं. खिडकीच्या गजांतून लोकांचे दळणाचे डबे दिसत होते, ओळीनं मांडलेले, वर ज्याच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या. काही डब्यांत दळलेलं पीठही तसंच होतं. माणूस जाणारच होता तर त्यानं दळून काहून ठेवलं? हे मला आजही समजलेलं नाही. नलूनं गजांतून आत पाहिलं, मागं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही आत आलो.

निळा गेला तेव्हा सलीम आमच्या मागंच उभा होता. तीच उतरत जाणारी तुतारी, तेच पांढरं निशाण, भट्टीतला जाळ तसाच चालू आणि घण मारणारं कोणी नाही. नलूनं तोंडावर पदर धरला. सलीम मोठ्यानं हसला. "अरे भाऊ, मी तं जित्ता उभा हाओ! चिमटा घ्या पाहिजे तं. भाभी, तुमचा डब्बा पागल हाय." आम्हीही हसलो. मला बरं वाटलं. म्हटलं, हा काही गेला नाही, म्हणजे देविदासकाकांचं नुसतं जुळून आलं होतं.

पण त्या दिवसानंतर सलीमचं चहाला येणं बंद झालं. त्याच्या दुकानापुढं वायंडिंग केलेल्या मोटारींची रांग लागली होती. आधी जळक्या मोटारी इतक्या यायच्या की त्याला मान वर करायला फुरसत नसायची. आता त्या न्यायलाच कोणी येत नव्हतं. मी एकाला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "बोअरले पाणीच नाई तं मोटार काय देवघरात ठेवू?" शेवटी एका दुपारी सलीम आला. कप घेतला, पण पिईना.

"भाऊ, एक बात सांगा. तुमच्या डब्ब्याले कोणी सांगतलं?"

"काय सांगतलं?"

"मी चाललो. भुसावळले, साळ्याच्या कारखान्यात."

"कधी ठरवलं?"

"त्याच दुपारी. तुमाकडे याच्या जरा अगुदर. दुकानात एकटाच बसलो होतो आनं मनात म्हटलं, बस झालं सलीम. कोणाले बोललो नाई. घरवालीलेबी आज सकाळी सांगतलं. आनं तुमच्या इथं येऊन पाह्यतो तं निळ्याचं निशाण." त्यानं कप खाली ठेवला. "मी हासलो ना तेव्हा? हासू नवतं ते भाऊ. भेव होतं."

नलू पडद्याशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. सलीमला तिनं फक्त एवढं विचारलं, "सलीमभाऊ, मनात काय आलं होतं तेव्हा? म्हणजे कसं वाटलं?"

सलीमनं विचार केला. "काईच नाई भाभी. हलकं वाटलं. म्हणूनच भेव लागलं."

जाताना तो आपली इन्व्हर्टरची बॅटरी आमच्याकडे ठेवून गेला. लोडशेडिंग तेव्हा दिवसाचं असायचं. त्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालू राहायचा, आणि नलू तो बंद करू द्यायची नाही. तिला वाटायचं, आपण पाहत असलो तर हिरवा जाणार नाही. मी म्हटलं, "नलू, खेळ हाय तो." ती म्हणाली, "देविदासकाकाबी खेळच होते? आनं सलीमभाऊ?" ती पीठ मळता मळता उठून यायची, पिठाचे हात वर धरून हिरव्याच्या झाडांकडे पाहायची, मोजल्यासारखं, आणि परत जायची.

आबांबद्दल आता सांगितलं पाहिजे. आमच्याकडे जुनी माणसं लेक दिली की तिच्या घरचं पाणीही पीत नसत. आता हे कोणी पाळत नाही, माझ्या लेकीकडे मी महिनामहिना राहून येतो. आबा पाळायचे. ते मूर्तिजापूरला आले की टोपलीभर संत्री आमच्या घरात ठेवायचे आणि आपण दुकानाच्या पायरीवर बसून पिशवीतली बाटली काढून आपल्या गावचं पाणी प्यायचे. नलू चिडायची. ते म्हणायचे, "तुह्या घरचं गोड लागन तं जाचं मन नाई होणार," आणि हसायचे. दर बाजाराच्या दिवशी ते मोर्शीहून आमच्या दुकानात फोन करायचे. आधी खूप बोलायचे, फळ कसं धरलं, कोणाचं लग्न निघालं. मग बगीचा वाळायला लागला. बोअर खोल केला तरी पाणी खाली खाली जात राहिलं. फोन आखूड होत गेला. शेवटी शेवटी एवढंच असायचं, "बरं हाय. तुमी बरे? ठेवतो." नलू काचेच्या खोलीत रिसीव्हर धरून तशीच उभी राहायची, आत हवा नसायची, घाम यायचा, तरी बाहेर यायची नाही.

ते धड जेवत नाहीत हे तिला आवाजावरूनच समजलं होतं. तिनं गहू आणि तुरीची डाळ पोत्यात बांधून ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली. दोन दिवसांनी पोतं त्याच बसनं परत आलं. गाठ तिचीच होती, सोडलेलीही नव्हती. कंडक्टर म्हणाला, "बुढा म्हणे, लेकीच्या घरचं मले चालत नाई. हात जोडले त्यानं पोत्याले." नलूनं पोतं आत ओढून घेतलं आणि त्यावरच बसून रडली. मग डोळे पुसून कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली.

त्या खेळात शेजारच्या राजाला धान्य पाठवायची सोय होती. एक बटन दाबलं की आमच्या कोठारातून बैलगाडी निघायची आणि रस्त्यारस्त्यानं त्याच्या गावात जायची. नलूनं हिरव्याला गाडी पाठवली. गाडी त्याच्या वेशीत शिरली, रिकामी होऊन परत आली. नलू टाळी वाजवून हसली, "घेतलं पाहा! घेतलं आबांनी!" त्या दिवसापासून ती रोज गाडी पाठवायची. मी तिला अडवलं नाही. घरातलं पोतं परत आलेलं असताना ती गाडी तरी पोचते आहे, याचं मलाही बरं वाटायचं. पण मला एक दिसत होतं, ते मी तिला बोललो नाही. धान्य यायला लागल्यापासून हिरव्याची माणसं शेतात जायची बंद झाली होती. ती कोठाराजवळ उभी असायची. नुसती उभी. झाडांना पाणी घालायलाही कोणी जात नव्हतं.

मग तो बाजाराचा दिवस आला. फोनची वेळ झाली, फोन आला नाही. त्यांच्या गावात किराणा दुकानात एक फोन होता, तो मी लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दुपार चढली. रस्त्यावर माणूस नाही, समोर कुलूप, शेजारी कुलूप. मला वाटतं त्या अख्ख्या रस्त्यावर तेव्हा आम्ही दोघंच होतो. आतमध्ये फक्त खेळातल्या आमच्या माणसांचं लाकूड तोडणं ऐकू येत होतं, ठक, ठक. नलू म्हणाली, "सगळं पाठवते."

"सगळं?"

"पूरं कोठार. आपल्याले काय लागते दोघाले?"

तिनं बटन दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. गाड्यांची रांग लागली. आमच्या वेशीतून त्या निघाल्या, पिवळ्याच्या रिकाम्या गावावरून, जिथं ती चक्की अजून फिरत होती, निळ्याच्या भट्टीजवळून, डोंगराकडे. आम्ही दोघं पाहत होतो. पहिली गाडी हिरव्याच्या वेशीशी पोचली. हिरव्याची माणसं कोठाराजवळून पुढं आली, गाडीपाशी येऊन उभी राहिली. मला देवाशपथ वाटलं की ती गाडीकडे पाहत आहेत. तुतारी वाजली नाही. यावेळी काहीच वाजलं नाही. माणसं गेली, आणि पांढरं निशाण आलं. गाड्या भरलेल्या, बाहेर रांगेत थांबलेल्या. ओळीनं झाडं. बाकी कोणी नाही.

आणि मग वाजलं. ढोल, झांजा, कसली कसली वाद्यं, आकाशात फटाके, सोनेरी अक्षरं. तिन्ही राजे गेल्यामुळे आम्ही जिंकलो होतो. आमची लाल माणसं नाचायला लागली. त्या ओसाड रस्त्यावर आमच्या दुकानातून लग्नाच्या वरातीसारखा आवाज निघत होता आणि नलू दोन्ही कान दाबून ओरडत होती, "बंद करा ते! बंद करा वो!" ते बंद होईना. शेवटी मी बॅटरीची तार ओढून काढली. एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. काचेच्या खोलीत फोन होता. तो वाजला नाही.

नलूला उभंही राहवत नव्हतं. मोर्शीकडची शेवटची बस त्या वेळी निघून गेलेली असायची. मी सांगितलं, सकाळी पहिल्या गाडीनं मी जातो. अंधार पडायच्या आत तिनं माझी पिशवी भरली. पीठ, डाळ, सरगुंडे, कुरड्या, गुळाचा खडा. वर फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी मी दारातच ठेवली.

"रिकाम्या हातानं जाता?" ती म्हणाली. "आबाकडे?"

"रिकाम्याच."

"तुमाले काई समजते का? तिथं काई नसन खाले."

"म्हणूनच," मी म्हटलं. तिला ते समजलं नाही. लग्न झाल्यापासून तिचं न ऐकलेलं हे माझं पहिलं काम. मी चहाही घेतला नाही. अमरावतीच्या स्टँडवर गरम आलुबोंडे निघत होते, माझ्या पोटात कावळे ओरडत होते, तरी मी दुसऱ्या बसमध्ये जाऊन बसलो. मोर्शीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बगीचे. काही हिरवे होते. काही ठिकाणी झाडं उभी होती, पान एक नव्हतं, ओळी मात्र तशाच.

आबांच्या घराचं दार सताड उघडं होतं. अंगण झाडलेलं. गोठ्यात बैल नव्हते, पण दावी नीट गुंडाळून खुंट्याला अडकवलेली. घागर पालथी घातलेली, भांडी घासून फळीवर. मी आत वाकून चूल पाहिली. राख काढून, शेणानं सारवून ठेवली होती, सणाला सारवतात तशी. हात लावला तर थंड. मी हाक मारली. माझाच आवाज मला कसातरी वाटला. हे गाव मी कालच पाहिलं होतं असं मला वाटलं आणि मी मागं बगीच्याकडे निघालो.

ते विहिरीपाशी सापडले. वाळल्या संत्र्याखाली उकिडवे बसले होते. मोटार विहिरीतून काढून काठावर आडवी ठेवलेली, पाइपाचं वेटोळं शेजारी. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही. जिवंत आहेत हे पाहून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"मोटार कधी काढली, आबा?"

"काल. दुपारी." मग विहिरीकडेच पाहत, "नलूनं धाडलं?"

"नाई."

"मंग कोणी सांगतलं तुमाले?"

"कोणी नाई."

"मंग काहून आले, जवाईबापू?"

मी म्हटलं, "भूक लागली."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे, मग माझ्या बाजूला जमिनीवर, पिशवी शोधल्यासारखं. "काई आणलं नाई?"

"नाई."

"खाऊन नाई निघाले?"

"चहाबी नाई घेतला. रस्त्यातबी काई खाल्लं नाई."

उन्हं चढत होती. ते उठलेच नाहीत तर पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी त्यांच्या शेजारी तसाच बसून राहिलो. मग ते स्वतःशीच पुटपुटले, "जवाई उपाशी," आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "चूल सारवून ठेवली म्या."

"मंग?"

"मंग काय. पेटवा लागन." चालता चालता त्यांनी एका झाडाच्या वाळल्या फांद्या मोडून काखेत घेतल्या. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "बसा तुमी. पाहुणे हा."

संत्र्याचं लाकूड धूर फार करतं. डोळे पुसत पुसत त्यांनी डब्याच्या तळाचं पीठ मळलं, म्हणाले, "जुनं हाय, जाळं धरलं असन." मी म्हटलं, "चालते." भाकर जाड झाली, एका अंगानं करपली. वर तिखट आणि तेल. मला पाट दिला, ताट वाढलं, आणि समोर भिंतीला टेकून बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी जेवलो. वास येत होता पिठाला, सगळी खाल्ली.

"पुरली?"

"नाई," मी म्हटलं. "अजून एक लागन. आनं उद्याबी इथंच हाओ मी."

त्यांनी डबा उचलला, उपडा करून ठोकला. काही पडलं नाही. चुलीत जाळ होता. ते त्या जाळाकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले, मग खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि डबा काखेत मारून पीठ मागायला गावात निघाले. मी हात धुतला नाही. वाढणं बाकी असताना ताटावरून उठायचं नसतं. ते फाटकाबाहेर दिसेनासे झाले तरी मी खरकट्या हातानं पाटावर बसून राहिलो, आणि ते परत येईस्तोवर उठलो नाही.